चासीपासून वेंकण्णा

आमच्या घरमालकांनी मी घातलेला पहिला डोसा व्हर्नियरने मोजला होता.

बसवनगुडीतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, त्याला जेमतेम चार दिवस झाले होते. पुण्याहून आलेली मुलगी, एकटी राहते, काय खात असेल कोण जाणे, म्हणून मालकीणबाई इंदिराक्कांनी मला खाली नाश्त्याला बोलावलं. नुसतं आयतं काय खायचं, म्हणून मी दोन डोसे स्वतः घातले. वेंकण्णांनी शर्टाच्या खिशातून पोपटाच्या चोचीसारखे जबडे असलेलं ते स्टीलचं माप काढलं, डोशाची कड त्यात धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि वाचलं, "कडेला दीड, मध्ये पावणेचार मिलीमीटर. अय्यो मेघनम्मा, इतका फरक चालत नाही. टॉलरन्सच्या बाहेर गेला."

मग तो डोसा त्यांनी चटणीला लावून खाल्ला आणि दुसराही मागून घेतला. "रिजेक्ट माल आहे म्हणून काय टाकायचा की काय!"

वेंकटराव हे त्यांचं खरं नाव. गल्लीत सगळे वेंकण्णा म्हणतात, आणि मीही चौथ्या दिवसापासून अण्णाच म्हणायला लागले. त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात बोलतात मराठीच, पण त्या मराठीत दर दोन वाक्यांमागे एक 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि एक 'सरी', म्हणजे बरं, असतंच. माझं पुणेरी मराठी ऐकून ते सुरुवातीला म्हणाले होते, "छान बोलतेस. रेडिओसारखं. पण स्वल्प हळू बोल."

चौतीस वर्षं त्यांनी यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी केली, तपासणी विभागात. म्हणजे कामगारांनी वस्तू बनवायच्या आणि अण्णांनी त्या मोजून नको म्हणायचं. वस्तू बरोबर असेल तर अण्णा काही बोलत नसत, नुसता हात पुढच्या वस्तूकडे जायचा. चूक असेल तर लाल खडूची फुली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, खडू सुटला नाही. मी आले तेव्हा फाटकाच्या एका खांबावर फुली होती, कारण तो दुसऱ्यापेक्षा एक बोट झुकलेला होता. बाजारातून आणलेल्या पडवळावर फुली पाहिली आहे. गल्लीत नवीन गटाराचं झाकण बसलं, त्याच्यावर संध्याकाळपर्यंत फुली.

"मला बघायला आले तेव्हा खडू घरी विसरले होते," इंदिराक्का म्हणायच्या. "म्हणून माझं लग्न झालं."

या माणसाने निवृत्त झाल्यावर ठरवलं, की आता आपण स्वतः एक वस्तू बनवायची. आणि सुरुवात केली ती मोटारीपासून.

गाडीच्या कंपनीचं नाव लिहायला मला सक्त मनाई आहे. नाव छापून आलं, की त्या गाडीचे चार भक्त दारात येऊन उभे राहतात आणि सल्ले देतात, असा अण्णांचा अनुभव आहे. एवढंच सांगते, की इंग्रजी बनावटीची, दोन दारांची, गोल नाकाची ही छोटीशी गाडी स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांत बोटीने इकडे आली. अण्णांना ती एका डॉक्टरांच्या गोठ्यात सापडली. मागच्या सीटवर तेव्हा कोंबड्या राहत होत्या.

पोर्टिकोत आणून त्यांनी ती पार शेवटच्या बोल्टपर्यंत सोडवली. खाली उरली नुसती चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बाकीची गाडी घरभर पसरली. गिअरबॉक्स पलंगाखाली, दारं देवघराबाहेरच्या बोळात, डिकीचं झाकण फ्रिजमागे. नट-बोल्ट लोणच्याच्या बरण्यांत, वर कानडीत चिठ्ठ्या. मला कानडी वाचता येत नव्हतं तोवर मी एकदा लिंबाचं लोणचं समजून मागच्या ॲक्सलचे बोल्ट ताटाशेजारी आणून ठेवले होते.

चासी चार स्टुलांवर ठेवून अण्णांनी तिच्या कोपऱ्यांतून ओळंबे सोडले, खाली फरशीवर खुणा केल्या आणि खुणांमध्ये तिरपे दोरे ताणले. दोन्ही दोरे सारखे भरायला हवे होते. चार मिलीमीटरचा फरक आला. कुठल्याही गॅरेजवाल्याने हसून पुढचं काम धरलं असतं. अण्णांनी त्या चार मिलीमीटरवर चार महिने घालवले.

"चार मिलीमीटर म्हणजे असं काय हो मोठं, अण्णा?" मी विचारलं.

"इथे चार. बॉनेट बसवताना आठ. दार लावताना मनस्ताप."

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे 'जसं होतं तसं'. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशीच झाली पाहिजे. रंग तोच, शिवणीचा दोरा तोच, स्क्रूच्या डोक्यावरची खाच तीच. मोबाइल चार्ज करायला कुठेतरी एक सोय करून घ्या, असं मी सहज सुचवलं होतं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "सरी, तुला माहीत नव्हतं म्हणून बोललीस."

तीन वर्षं मी हे सगळं वरच्या गॅलरीतून बघत होते. मग गाडी किंग पिनच्या बुशांवर अडली.

पुढची चाकं वळतात ती दोन पोलादी पिनांवर. त्या पिनांभोवती पितळेची नळी असते, ती म्हणजे बुश. जुने बुश झिजलेले होते. अण्णांनी बाजारातून तीन आणले, दोन वर्कशॉपमधून चार करून घेतले. सातही कठड्यावर ओळीने उभे राहिले, प्रत्येकाच्या कपाळावर लाल फुली. कुठला सैल, कुठला घट्ट, कुठला आतून किंचित लंबगोल.

"परशरामकडे जायचं ना," भाजी चिरता चिरता इंदिराक्का म्हणाल्या.

अण्णा उठले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

परशराम पाटील कोण, ते मला इंदिराक्कांनी सांगितलं. खानापूरकडचा माणूस, त्याच कारखान्यात टर्नर, लेथवर काम करणारा. अख्ख्या कारखान्यात त्याच्यासारखा हात नव्हता. वीस वर्षं दोघे एकाच बाकावर बसून डबा खायचे, परशरामची भाकरी आणि इंदिराक्कांचं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा पिवळा भात. मग एकदा त्याने केलेले ऐंशी शाफ्ट अण्णांनी एका दमात रिजेक्ट केले. पुढच्याच महिन्यात फोरमनची यादी लागायची होती. सगळ्यांना वाटत होतं फोरमनचा पांढरा कोट यंदा परशरामलाच मिळणार. तो दुसऱ्याला मिळाला. दोघांचं बोलणं संपलं, ते संपलंच. त्यालाही आता अठरा वर्षं झाली.

"काम म्हणजे काम, मी काही म्हटलं नाही," इंदिराक्का म्हणाल्या. "पण त्यानंतर हे डबा तसाच परत आणायचे."

चार दिवसांनी अण्णा वर आले. "मेघनम्मा, रविवारी रिकामी आहेस? के. आर. पुरमला जायचं होतं. मेट्रो कुठे बदलायची ते मला स्वल्प कळत नाही."

ही शुद्ध थाप होती. मेट्रो सुरू झाल्यापासून त्यांना तिचा नकाशा पाठ होता. फलाट आणि डबा यांच्यातलं अंतर त्यांनी तीन स्टेशनांवर मोजलेलं होतं. मी म्हटलं, चला.

मॅजेस्टिकला गाडी बदलून आम्ही गेलो. अण्णांनी मांडीवर जुनी पिन आणि बुश फडक्यात बांधून धरलेले होते, देवाचा प्रसाद धरावा तसे.

परशराम दारातच खुर्चीवर बसले होते. मोठा सांगाडा, पांढरी मिशी, शेजारी काठी. दोन वर्षांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण उजवा पाय पुरता वाकेनासा झाला. रिक्षात पाय मावत नाही आणि मोठ्या गाडीत चढता येत नाही, म्हणून दवाखाना सोडला तर दारापुढच्या तीन पायऱ्या ते उतरलेले नव्हते. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा त्यांनी फक्त डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण ते? इन्स्पेक्टर साहेब! वाट चुकलासा काय?"

"नाही. पत्ता विचारत आलो."

"आनि ही कोण? असिस्टंट?"

"भाडेकरू," अण्णा म्हणाले.

परशरामांच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. माझ्याकडे बघून हसल्या. अण्णांकडे न बघता आत गेल्या.

अण्णांनी फडकं सोडलं. परशरामांनी पिन उचलली, अंगठ्याने चाचपली, उजेडाकडे धरली. "गाडीची हाय ही. जुन्या. कोण काढलंय? कुठं खरवडलं न्हाई."

"मी काढली."

"तुम्ही? तुम्ही काम करालासा?" परशराम इतके हसले की खोकला आला. "इतकी वर्सं आमी करायचं आनि तुमी फुल्या मारायच्या. आता कळालं न्हवं?"

"कळलं," अण्णा म्हणाले. "सात बुश रिजेक्ट केले. तुझ्याकडे आलो."

परशरामांचं हसू थांबलं. काठी टेकत ते उठले. घरामागे पत्र्याची खोली होती, तिथे त्यांचं जुनं लेथ. खुब्याचा भार टेबलावर टाकून ते उभे राहिले आणि पुढचा अर्धा तास लेथ चालत राहिलं. पितळेची पिवळी कुरळी कातरणं पायाशी पडत होती. बुश तयार झाला तसा त्यांनी पुसला आणि पुढे केला. "मोजा. पन हितंच, माझ्यासमोर."

अण्णांनी तीनदा मोजला. मग पिनेला थेंबभर तेल लावून ती बुशात सोडली. ती हलकेच, हवा दाबत, बुडापर्यंत गेली.

"पास," अण्णा म्हणाले.

"काय म्हटलासा?"

"पास म्हटलं."

परशरामांनी मान खाली घालून लेथवरची कातरणं झटकली. "तुमच्या तोंडानं पैल्यांदाच आईकलो," ते म्हणाले.

तेव्हापासून अण्णा दर आठवड्याला के. आर. पुरमला जाऊ लागले आणि मेट्रो कुठे बदलायची ते त्यांना एकदम कळायला लागलं. येताना पिशवीत काहीतरी कातलेलं असायचं. गाडी भराभर उभी राहिली. स्प्रिंगांचे पाटे बसले, इंजिन बसलं, ब्रेक लागले. एका रविवारी सकाळी गल्लीतल्या आठ जणांनी बांबूंवर गाडीची रंगवलेली बॉडी उचलून चासीवर ठेवली. डावीकडच्या मागच्या बांबूला मी होते. "स्वल्प पुढे! स्वल्प मागे! मेघनम्मा, तू श्वास घेऊ नकोस!" असं ओरडत अण्णा भोवती नाचत होते. बॉडी सगळ्या भोकांवर नेमकी बसली. अण्णा आत जाऊन पाणी प्यायले, आणि परत आल्यावर आठही जणांना त्यांनी एकेक करून वाकून नमस्कार केला. त्यातले दोघे कॉलेजात होते.

शेवटी गाडी पहिल्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली तेव्हा इंदिराक्कांनी नारळ फोडला आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचा अर्ज भरला गेला. जयनगरच्या एका मैदानावर होतं. परीक्षक येणार, 'जसं होतं तसं' असलेल्या गाडीला पहिला मान. अण्णांच्या गाडीसमोर कोण टिकणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

प्रदर्शनाला आठ दिवस असताना मी ऑफिसला निघाले, तर पोर्टिकोतून ड्रिलचा आवाज. बघते तो अण्णा गाडीत पालथे पडून तळाच्या पत्र्याला नवी भोकं पाडत होते. स्वतः घासलेला, तीनदा रंगवलेला तो पत्रा.

"अण्णा! ही भोकं आधी होती?"

"नव्हती."

"मग?"

"पुढची सीट एकशे दहा मिलीमीटर मागे घ्यायची आहे." ते उठून बसले. कपाळावर लोखंडाचा भुगा होता. "त्याचा पाय वाकत नाही. सरळ ठेवला तर किती जागा लागते, ते मोजून आणलं मी. तो लेथवर असताना, चोरून."

दाराच्या खांबावर त्यांनी एक मूठही वेल्ड केली होती, धरून बसायला. वेल्डिंगवर रंग अजून ओला होता.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही आधी के. आर. पुरमला गेलो. अण्णांनी गाडी अगदी पायऱ्यांना लावली. परशराम इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. त्यांनी मूठ धरली, पाठमोरे सीटवर टेकले, मग तो न वाकणारा उजवा पाय सरळ आत घेतला, आणि त्याच्यामागे डावा. दोन्ही मावले. त्यांनी एकदा सीटच्या खाली पाहिलं आणि मुठीवरून हात फिरवला. सीट मागे आल्यामुळे मागच्या बाजूला इंदिराक्का आणि मी हनुवटीला गुडघे लावून बसलो होतो.

मैदानावर परीक्षक म्हणून एक तरुण बाई आल्या. गाडीभोवती फिरताना त्यांचा चेहरा उजळत गेला. मग त्यांनी दार उघडलं.

"सर, सीट मागे घेतलेली दिसतेय."

"एकशे दहा मिलीमीटर," अण्णा म्हणाले. "लिहा."

"आणि ही मूठ?"

"माझी. वेल्डिंगही माझंच."

"मग मूळ गाड्यांच्या गटात नाही बसणार, सर. सॉरी."

"नाहीच बसणार. आणि हा बघा, हा मागचा बोल्ट. एक आटा लांब आहे. तुमच्या नजरेतून सुटला. तोही लिहा."

त्या बाईंनी आमच्याकडे पाहिलं. सीटवर बसलेले परशराम हे सगळं ऐकत होते.

परतताना त्यांना सोडायला निघालो. एका सिग्नलला गाडी थांबली, आणि समोर बघतच अण्णा म्हणाले, "परशराम, ते ऐंशी शाफ्ट. मी ज्या गेजनं मोजले ते झिजलेलं होतं."

परशरामांनी मान वळवली.

"चार महिन्यांनी गेज तपासायला पाठवलं तेव्हा कळलं. तुझा माल बरोबर होता. यादी लागून गेली होती. मी कुणाला काही बोललो नाही. तुलाही नाही."

सिग्नल हिरवा झाला. मागे हॉर्न वाजायला लागले. अण्णांचा हात गिअरवर होता, पण गाडी हलत नव्हती.

"काढा गाडी," परशराम म्हणाले. "लोक वरडालेत."

गाडी पायऱ्यांशी लागली. परशराम मूठ धरून उतरले, काठी टेकली, आणि उघड्या दारातून आत वाकून बोलू लागले.

"माझा हात मला ठाऊक न्हाई व्हय? माल बरोबर हाय हे मला त्या दिवशीच वाटलं होतं. पन मी म्हटलो, वेंकटराव लबाड माणूस न्हवं. ते म्हणतात म्हंजे माझंच काईतरी चुकलं असंल. लई वर्सं वेंकटराव, लेथपाशी उभारलो की स्वतःच्याच हातावर शंका घ्यायचो मी."

अण्णांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट धरले होते.

"उतरा," परशराम म्हणाले. "आत या आनि माझ्या बायकोला सांगा. मी न्हाई सांगणार. तुमच्या तोंडानं सांगा."

अण्णा उतरले. परशराम एकेक पायरी चढत होते, अण्णा एक पायरी मागे, हात अर्धवट पुढे करून, पडले तर धरायला. दोघे आत गेले. इंजिन चालूच राहिलं होतं. आम्ही मागे अडकलेल्या. गाडीला दारं दोनच, पुढची सीट पुढे पाडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि तिचा खटका माझ्या हाताला लागेना.

"तुम्हाला माहीत होतं, अक्का?" मी विचारलं.

त्यांनी नकाराची मान हलवली. "डबा परत यायचा. मला वाटायचं भांडणामुळे जेवत नाहीत." त्या काचेतून दाराकडे बघत होत्या. "अठरा वर्षं शेजारी झोपतात. मला नाही सांगितलं."

आतून अण्णांचा आवाज आला, अगदी हळू. मग सुनंदावहिनींचा, चढलेला. काय म्हणाल्या ते इंजिनच्या आवाजात कळलं नाही. इंदिराक्कांनी माझा हात धरला होता.

किती वेळाने कोण जाणे, अण्णा बाहेर आले. पायऱ्या उतरून गाडीशी आले, वाकले, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. सीट पुढे पाडली आणि इंदिराक्कांना हात दिला.

"काय म्हणाल्या त्या?" इंदिराक्कांनी विचारलं.

"खूप बोलल्या. मग रडल्या."

"आणि तुम्ही?"

अण्णांनी तोंड फिरवलं आणि शर्टाच्या बाहीने चष्मा पुसला.

"उप्पीट केलंय त्यांनी," ते म्हणाले. "सगळ्यांना बोलावलंय. चला, गार होईल."